फिरण्याचा रकाना

"मग ती नर्स चालत होती कुठं?"

एस्तेरबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

शैलजा तोडकरनं अहवालाच्या पानात बोट घालून ठेवलं आणि हसली. शिकलेली माणसं म्हाताऱ्यांना समजावताना हसतात, तसं.

"बाई, कुठं ते महत्त्वाचं नाही. किती, ते महत्त्वाचं."

"चालणाऱ्याला कुठं तेच महत्त्वाचं असतं."

"संशोधनात नसतं."

बाई छताकडं बघत राहिल्या. उताण्या पडल्या होत्या, दुसरं बघणार काय?

मिशनच्या आवारात मागच्या अंगाला कौलारू खोल्यांची एक रांग आहे. तिच्यातल्या शेवटच्या खोलीत एस्तेर वैरागर राहत. छत्तीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात काढली. नर्स झाल्या, सिस्टर झाल्या, मेट्रन झाल्या, आणि शेवटची बारा वर्षं पोरींना शिकवलं. आसपासच्या तीन तालुक्यांत इंजेक्शन टोचणारी कुठलीही बाई धरा, तिनं कधी ना कधी एस्तेरबाईंची बोलणी खाल्लेली असणार.

तीन वर्षांमागं डाव्या अंगावरून वारं गेलं. डावा हात गेला, डावा पाय गेला. उजवा हात आणि जीभ तेवढी राहिली.

जिभेचा ताबा पूर्वीपासूनच नव्हता, असं त्यांची भाची रिबेका म्हणायची.

शैलजा ही बाईंची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. आता नावामागं डॉक्टर लागलं होतं. औषध देणारं नव्हे, अभ्यास केल्याचं. लाल कापडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा, तीनशे बारा पानांचा अहवाल घेऊन ती सकाळी अकरालाच आली होती.

ती आली तेव्हा रिबेका घरात होती. शेजारच्या रशिदाभाभीला हाताशी घेऊन तिनं नुकतंच बाईंना कुशीवरून उताणं केलं होतं. तिला रेशनच्या दुकानात अंगठा द्यायला जायचं होतं, पण पाय निघत नव्हता.

"जा गं तू खुशाल. मी आहे ना," शैलजा म्हणाली.

"एक वाजता मावशीची कूस..."

"अगं, त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय मी. पाचवं. दर दोन तासांनी. जा तू."

रिबेका गेली.

आणि शैलजा अहवाल वाचून दाखवत बसली.

"किती वाजले?" बाईंनी आता विचारलं.

"दीड."

"हं..."

शैलजानं पान उलटलं. तिला चार वाजता हा अहवाल दवाखान्याच्या अधीक्षकांच्या टेबलावर ठेवायचा होता. त्याआधी पहिल्या कोऱ्या पानावर बाईंच्या हाताच्या दोन ओळी हव्या होत्या. त्यासाठीच आली होती. पेनसुद्धा नवं आणलं होतं.

"फक्त दोन ओळी, बाई. आशीर्वाद म्हणून."

"आशीर्वाद तोंडानं देते. घे."

"लिहून हवाय."

"का?"

शैलजा जरा घुटमळली. मग खरं बोलली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, एवढं तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

"सहा नंबरच्या वॉर्डात दिवसपाळीला तीन नर्सा आहेत. माझ्या अभ्यासातून असं दिसतं की दोन पुरतात. एक जागा कमी होईल. मग नर्सांची युनियन ओरडणार. पण पहिल्याच पानावर तुमचं अक्षर दिसलं, तर..."

"तर गप्प बसतील."

"तुम्हाला मानतात ना त्या."

"म्हणजे माझ्या हातानं त्यांची तोंडं दाबायची."

"असं नाही हो बाई..."

"मग कसं?"

तिनं पान उलटलं.

"जाणार कोण?" बाईंनी विचारलं.

"लता ओव्हाळ. ती कंत्राटावर आहे. आणि आकड्यांतही तीच सगळ्यांत मागं आहे. शंभरातली एक्केचाळीस मिनिटं ती नुसती फिरते. हे बघा, तक्ता सव्वीस."

"मला काय दिसतंय पडल्या पडल्या? सांग तोंडानं. मोजलंस कसं?"

हा प्रश्न शैलजाच्या आवडीचा होता. ती सरसावून बसली. गळ्यात काळ्या दोरीचं स्टॉपवॉच होतं, ते तिनं हातात घेतलं. काही बायका मंगळसूत्राशी चाळा करतात, तसा ती त्याच्याशी करायची.

"वॉर्डाच्या कोपऱ्यात स्टूल टाकला. तीन महिने, रोज सहा तास. एका वेळी एकच नर्स. तिच्या नावाचा एक फॉर्म. त्यात आठ रकाने. औषध, इंजेक्शन, ड्रेसिंग, कूस बदलणे, नोंदी, बोलणे, बसणे, फिरणे. ती जे करेल त्या रकान्यात मिनिटं टाकायची."

"औषध घेऊन चालली तर?"

"हातात ट्रे असला तर ते औषध. हात रिकामे असले तर फिरणे."

"रिकाम्या हातानं चालणारी बाई म्हणजे रिकामी बाई?"

"कुठंतरी रेघ मारावीच लागते, बाई."

"आणि ती तू मारलीस."

"आठ देशांत असाच फॉर्म वापरतात!"

"आठ देशांत गाढवं नसतात असं कुणी सांगितलं तुला?"

शैलजा लाल झाली. पंचेचाळीस वर्षांची बाई, हाताखाली चाळीस पोरी, आणि इथं आली की पुन्हा शाळकरी होत होती. ह्याचाच तिला राग यायचा.

"पेशंट किती होते वॉर्डात?"

"बेचाळीस खाटा."

"खाटा नाही विचारल्या."

"...साठेक. काही खाली, जमिनीवर असायचे."

"जमिनीवरचे धरलेस का हिशेबात?"

"फॉर्मवर खाट क्रमांक लिहायचा असतो. जमिनीला..." शैलजा थांबली. "जमिनीला क्रमांक नसतो."

बाईंचा उजवा हात चादरीवर होता. त्याची मूठ वळली.

"किती वाजले?"

"आत्ताच तर सांगितलं. पावणेदोन होतायत."

बाईंना आता वेळेचं भान राहत नाही, असं शैलजाच्या मनात आलं. वयाचं होतं असं. तिला बिचारीची कीव आली.

बाईंच्या कपाळावर घाम होता. खोलीत पंखा होता, सावली होती, तरी होता. शैलजाला तो दिसला. उकडतंय खरं, असं म्हणून तिनं स्वतःचं कपाळ पुसलं.

"तीन महिने बसलीस," बाई म्हणाल्या. "एकदा तरी उठलीस?"

"निरीक्षकानं मध्ये पडायचं नसतं. आकडे बिघडतात."

"पाणी मागितलं असेल कुणीतरी."

"रोज मागायचे."

"मग?"

"मी घड्याळ लावायची. मागितल्यापासून पाणी मिळेपर्यंत किती वेळ जातो ते बघायला. ते प्रकरण सातवं."

"जास्तीत जास्त किती गेला?"

"बावीस मिनिटं. त्या दिवशी लताच होती ड्यूटीवर. फिरत होती."

"माठ कुठं होता?"

शैलजाचा घड्याळाशी चाललेला चाळा थांबला.

"माठ, शैले. पाण्याचा. वॉर्डात कुठं होता?"

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. झाडूचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"...माझ्या स्टुलाशेजारी."

बाईंनी डोळे मिटले.

शैलजाला वाटलं, म्हातारीला झोप लागली. तिनं पेनाचं टोपण काढलं, लावलं. मनात म्हणाली, मी काय चूक केली? नियम होता तसा. नियम मी केला नाही. नियम पाळला नसता तर अभ्यासाला काय किंमत राहिली असती? सगळं बरोबर होतं. तरी माठ डोळ्यांपुढून हलेना. लाल माठ, वर अल्युमिनियमची ताटली, ताटलीवर पालथा पेला.

"पहिल्या दिवशीचं आठवतं?" डोळे न उघडता बाई म्हणाल्या.

"कुठल्या?"

"ट्रेनिंगच्या. नव्या पोरींना मी काय करायला लावायची?"

"बाईंचा तास!" शैलजाला एकदम हसू आलं. "लाकडी फळीवर उताणं निजवायचात. तासभर. हलायचं नाही, खाजवायचं नाही. पोरी रडायच्या. शालिनी तर उठून पळालीच."

"तू रडलीस?"

"मी कुठं झोपले? त्या दिवशी पाहुणे यायचे होते. हार घालायला कुणीतरी हवं होतं. तुम्हीच म्हणालात, शैलजाला सोडा, ती नीटनेटकी आहे."

"हो... मीच म्हणाले."

बाईंनी डोळे उघडले.

"तुझा तास राहिला. चूक माझी. छत्तीस वर्षं मेली मी इतरांना बोलत राहिले, आणि नेमकी तुला सोडली." श्वास घेतला. "किती वाजले?"

आता शैलजा वैतागली. "दोन वाजून पाच मिनिटं! बाई, तुम्हाला लिहायचं नसेल तर तसं सांगा ना. सारखं वेळ वेळ काय? मला कळतंय मी जास्त बसले ते."

"लिहिते ना."

"खरंच?"

"दोन ओळी ना? लिहिते. उताणं पडून पेन चालत नाही. आधी माझी कूस बदल."

शैलजानं तोंड उघडलं.

मिटलं.

दोन वाजून पाच मिनिटं. एक वाजता. मी आहे ना.

ती जागची उठली तेव्हा अहवाल मांडीवरून खाली पडला. तो तसाच पडू दिला. तिनं बाईंच्या उजव्या खांद्याखाली हात घातला, दुसरा कमरेखाली घातला. पाठ ओलीचिंब होती. गाऊन चादरीला चिकटला होता.

"बाई, तुम्ही सांगितलं का नाही?"

"निरीक्षकानं मध्ये पडायचं नसतं."

शैलजानं जोर लावला. एस्तेरबाई हाडापेरानं थोराड. अर्धं अंग मेलेलं, आणि मेलेलं अंग जिवंतापेक्षा जड असतं. खांदा वर आला, कंबर जागीच. कंबर उचलली तर खांदा घसरला. डावा हात अंगाखाली अडकू लागला. चादर गोळा झाली. बाईंच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, कुत्र्याच्या पिल्लाचा निघतो तसा. शैलजाला आयुष्यात तो आवाज बाईंच्या तोंडून ऐकायचा नव्हता.

"थांब... थांब, खांदा निखळेल. एकटीनं होत नाही."

"होतंय, होतंय..."

"अगं नाही होत! दुसरं माणूस आण."

शैलजा दाराकडं धावली.

"शैले."

"काय?"

"ते घड्याळ दे इकडं."

तिला काही समजलं नाही. दोरी डोक्यातून काढून तिनं घड्याळ बाईंच्या उजव्या हातात ठेवलं आणि पळाली.

शेजारी रशिदाभाभीच्या दाराला बाहेरून कडी. त्याच्या पुढच्या खोलीत सलोमी आजी, ऐंशीच्या घरातली. तिनं आपल्या सुजलेल्या बोटांच्या गाठी दाखवल्या. "माझ्यानं चहाचा कप उचलवत नाही गं बाळा. मेली बाई का एस्तेर?"

"नाही हो!"

"मग बरं."

पुढच्या दोन खोल्यांना कुलूप. प्रार्थनामंदिराच्या कचेरीत कुणी नाही, खुर्चीवर नुसता चष्मा. शैलजा गेटकडं धावली. चप्पल तुटली, ती हातात घेतली, मग दोन्ही टाकून दिल्या. आवारात ऊन असं की खालची फरशी पोळत होती.

गेटवर पहारेकरी पेपर वाचत होता.

"दादा, चला लवकर. शेवटच्या खोलीत. म्हातारीला कुशीवर करायचंय."

"मॅडम, गेट सोडून येता येत नाही."

"अहो दोन मिनिटांचं काम आहे!"

"काल ह्याच दोन मिनिटांपायी मला मेमो मिळालाय. वर कॅमेरा बसवलाय, तो बघा. जागेवर दिसलो नाही की लिहून घेतात."

"आत एक बाई तीन तास पाठीवर पडलीय, आणि तुम्ही कॅमेरा सांगता मला? माणूस आहात का कोण?" शैलजाचा आवाज चढला. असा आवाज तिनं कधी काढला नव्हता. "एवढं मोठं आवार, आणि एक माणूस मिळू नये? एक? मी काय इथं हवा खायला हिंडतेय का?"

पहारेकऱ्यानं पेपर खाली केला. त्याला तिची दया आली.

"मागं नळावर रशिदाभाभी असेल, बघा."

नळ आवाराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे आली तेवढं सगळं परत, आणि वर आणखी. रशिदाभाभी कपडे पिळत होती. शैलजाला धड बोलताही येईना. तिनं नुसतं खोलीकडं बोट केलं. भाभीनं पिळलेला परकर बादलीत टाकला आणि चालू लागली.

"एकची पाळी ना? रिबेका कुठाय?"

"मी होते."

"मग?"

शैलजा तिच्यापुढं धावली.

खोलीत आल्याबरोबर भाभीनं पदर खोचला. चादरीचं टोक हाताला गुंडाळलं.

"ए, तू पलीकडं हो. खांदा धर. असा नाही गं! तळवा लाव, बोटं रुतवू नको. गुडघा वाकव त्यांचा. अल्ला... डॉक्टर ना तू?"

"मी... वेगळी डॉक्टर आहे."

"वेगळी म्हणजे?"

"पुस्तकाची."

"बरं. पुस्तकाची तर पुस्तकाची. आता तीन म्हटलं की माझ्याकडं ओढ. एक... दोन..."

बाई वळल्या. एका दमात. एखादं जड दार बिजागरीवर फिरतं तशा.

गाऊन वर सरकला होता. माकडहाडाच्या जागी तळहाताएवढा लाल चट्टा उठला होता. शैलजानं असे चट्टे फोटोत शेकड्यानं पाहिले होते. त्यांना चार पायऱ्या असतात, पहिलीपासून चौथीपर्यंत. तिला चारही तोंडपाठ होत्या.

"बोट लाव," भिंतीकडं तोंड करून बाई म्हणाल्या. "दाबून सोड. पांढरं होतंय का?"

शैलजानं दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळं तिला दिसेना. तिनं खांद्यानं डोळे पुसले.

"होतंय... होतंय बाई."

"मग कातडी मेली नाही अजून."

"पाठीला टेकण काय देऊ?" भाभीनं इकडंतिकडं पाहिलं. "उशी कुठाय ती लांबडी?"

"वाळत घातलीय. काल भिजली," बाई म्हणाल्या.

टेकण नसतं तर बाई पुन्हा मागं कलंडल्या असत्या, त्या चट्ट्यावरच. भाभीनं एका हातानं पाठ तोलून धरली आणि जमिनीवरून हाताला लागेल ते उचललं. लाल कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, तीनशे बारा पानं. खुंटीवरचा टॉवेल त्याला गुंडाळला आणि बाईंच्या पाठीशी घट्ट लावून टाकला.

"हां. बसलं बरोबर. जाड आहे ते चांगलंय."

शैलजा बघत राहिली.

भाभी कपड्यांकडं परत गेली. जाताना म्हणाली, "गुडघ्यांमध्ये पण काहीतरी घाल गं, पुस्तकाची डॉक्टर."

शैलजानं आपली ओढणी काढली, घडी केली, गुडघ्यांमध्ये सारली. मग स्टुलावर बसली. पायाचे तळवे भाजले होते.

"घड्याळ घे," बाई म्हणाल्या.

तिनं घेतलं. आकडे थांबलेले होते.

"किती?"

"सतरा मिनिटं."

"तू गेल्यापासून परत येईपर्यंत. आणि मला वळवायला किती लागली?"

"...चार. चारसुद्धा नाही."

"तुझ्या पुस्तकात कूस बदलायला किती दिलीस?"

"तीन मिनिटं, चाळीस सेकंद."

"बरोबर मोजलंस की. दोघी लागतात, हे कळलं होतं?"

"कळलं होतं."

"दुसरी कुठून यायची?"

शैलजा घड्याळाकडं बघत राहिली.

"यायची..." ती हळू म्हणाली. "माझं लक्ष खाटेवर असायचं. लता निघून जायची. रिकाम्या हातानं. मग काही वेळानं दोघी यायच्या. मी... मी तेव्हा पुन्हा बटण दाबायची."

"फॉर्म आहे का एखादा कोरा?"

होता. तिच्या पिशवीत कोरे फॉर्म नेहमी असत. तिनं एक काढला, आठ रकान्यांचा, आणि बाईंच्या तोंडापुढं उशीवर धरला. नवं पेन उजव्या हातात दिलं.

"आता सांग. तू ट्रे नेला होतास?"

"नाही."

"इंजेक्शन?"

"नाही."

"बसलीस कुठं?"

"नाही हो बाई..."

"गेटवर मोठ्यानं बोलत होतीस. इथपर्यंत ऐकू आलं. तो वेळ बोलण्यात टाकू?"

"नका ना!" शैलजाचा आवाज फुटला. "मी भांडत होते तिथं. तुमच्यासाठी! चपला टाकून पळाले मी उन्हातून. एकही दार सोडलं नाही. जीव चालला होता माझा. आणि तुम्ही..."

"लिहिणाऱ्याला काय दिसलं? एक बाई. हात रिकामे."

बाईंचं अक्षर अजून मेट्रनचं. वरच्या ओळीत लिहिलं, शैलजा तोडकर. खाली शेवटच्या रकान्यात, फिरणे, त्याच्यापुढं सतरा. मग सही केली. पूर्ण. एस्तेर यो. वैरागर.

"झाल्या दोन ओळी. लाव पहिल्या पानावर."

शैलजानं कागद घेतला. दोन्ही हातांनी धरला.

पिशवीत फोन वाजला. दवाखान्यातून होता. पलीकडच्या माणसाला घाई होती.

"मॅडम, साहेबांनी विचारलंय. चारला अहवाल घेऊन येताय ना? नव्या ड्यूट्या उद्यापासूनच लावायच्यात."

शैलजानं खाटेकडं पाहिलं. टॉवेलातून सोनेरी अक्षरांचा एक कोपरा दिसत होता. बाईंची पाठ त्यावर टेकली होती. श्वासाबरोबर अहवाल किंचित मागं सरायचा, पुन्हा पुढं यायचा.

"नाही," ती म्हणाली. "अहवाल आज येत नाही."

"म्हणजे? कधी येईल?"

"एक रकाना चुकलाय. तीन महिन्यांचा. तो नीट होईपर्यंत येणार नाही. लताची ड्यूटी हलवू नका. मी हे लिहून देते."

"साहेब चिडतील, मॅडम."

"चिडू देत. मीही चिडलेय."

तिनं फोन ठेवला. स्वतःवर की साहेबांवर, हे तिलाही सांगता आलं नसतं. ती उठली. बाईंना पेला भरून पाणी दिलं. पाजताना थोडं उशीवर सांडलं, ते ओढणीनं पुसायला गेली तर ती बाईंच्या गुडघ्यांत होती. हातानंच पुसलं. पिशवी खांद्याला लावली, मग पुन्हा खाली ठेवली.

"बाई, भाभी बसते म्हणाली तर मी जरा दवाखान्यात जाऊन येते. लताला भेटते."

"कशाला?"

"विचारते... चालत होती कुठं."

बाई भिंतीकडंच तोंड करून होत्या. भिंतीवर जुना पोपडा निघाला होता, त्याच्याकडं बघत असाव्यात. शैलजाला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बारा वर्षं शिकवलेल्या बाईनं बोलावं असं काहीतरी.

बाहेर नळ बंद झाल्याचा आवाज आला.

ती दारापर्यंत गेली, अनवाणीच. उंबऱ्यात थांबली.

"येऊ ना?"

"ये. पण साडेचारला इथं हो," एस्तेरबाई म्हणाल्या. "आणि येताना दुसरं माणूस घेऊन ये."